एक माणूस सांगत होता

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत कोणी बँकॉकचं तिकीट काढलं की बापूकाकांना ते वासानं कळतं. आमचं तिकीट निघालं रात्री दहाला. सकाळी सातला काका दारात, काखेत खाकी कव्हराची वही.

काका बँकेतून रोखपाल म्हणून निवृत्त झाले. परदेशवारी आयुष्यात एकच, पाच रात्री सहा दिवस, तीही एप्रिलात. पण त्या सहा दिवसांवर ते गेली आठ वर्षं व्याज खातायत.

"विमानतळाचं नाव काय?" बूट काढता काढता पहिला प्रश्न.

"सुवर्णभूमी."

"लिहायचं सुवर्णभूमी, म्हणायचं सुवन्नपूम. सगळं संस्कृतच आहे रे तिथे, फक्त शेपट्या तोडलेल्या. ऐरावताचा एरावन, अयोध्येची अयुथया. आपली संक्रांतसुद्धा तिथे सोंगक्रान होऊन एप्रिलात येते, 13 ते 15. तीळगूळ नाही, काही नाही, तीन दिवस रस्त्यात उभं राहून येईल-जाईल त्याच्यावर पाणी ओतायचं. मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत घालायचा. एक माणूस सांगत होता, त्याचा खिशातच वारला."

हा 'एक माणूस' काकांच्या बोलण्यात पावलोपावली येतो. बँकॉकमध्ये जे जे म्हणून वाईट घडू शकतं, ते त्या बिचाऱ्याच्या बाबतीत घडून गेलेलं आहे. हॉटेलातल्या मुलीनं हात जोडून "सवादी खा" म्हटल्यावर तो म्हणे "खाल्लं, विमानात खाल्लं" असं तीन दिवस सांगत होता. बायका बोलताना शेवटी आदरानं 'खा' लावतात आणि पुरुषांनी 'ख्रप' म्हणायचं असतं, हे त्याला चौथ्या दिवशी कळलं.

चहा आला. काकांनी वहीचं पान उलटलं.

"आता जेवण. नुसतं व्हेज म्हणालास तर भाजीच देतील, पण 'नाम प्ला' घालून. म्हणजे मासळी मुरवून काढलेलं पाणी. त्यांच्या लेखी ते मीठ. तू म्हणायचं 'मंगसविरत'. मांसविरत! बघ, पुन्हा संस्कृत. नाहीतर पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत आपल्याला इंग्रजी 17 वाटेल असं काहीतरी दिसलं की बेधडक आत शिरायचं. ते 'जे' जेवण. कांदा-लसूणसुद्धा नाही. तुझ्या आईचा चातुर्मास बँकॉकात सुखानं पार पडेल."

आई आतून म्हणाली, "आणि बाकीचं?"

"बाकीचं म्हणजे... वहिनी, पाण्याची फवारणी आहे. जवळजवळ सगळीकडे." एवढं बोलून काका थोडे लाजले. आईच्या चेहऱ्यावर मात्र तिकीट काढल्यापासून पहिल्यांदाच शांती दिसली.

पैशाच्या पानावर आल्यावर काकांचा आवाज बदलतो. टॅक्सीचा मीटर 35 बाटला पडतो. चालक मीटरला नाही म्हणाला तर हसून उतरायचं, वाद घालायचा नाही. विमानतळावरून फया थाईपर्यंत रेल्वे आहे, 45 बाटांत अर्ध्या तासात पोचवते. गाडीत शाल हवी, कारण बाहेर भट्टी आणि आत बर्फाची लादी. थायलंडमध्ये शिरायचा अर्ज मे 2025 पासून ऑनलाइन झालाय, तो फुकट आहे. पैसे मागणारी साइट दिसली तर बंद करायची. हे शेवटचं काकांच्या वारीनंतरचं. म्हणजे वही अजून चालू खात्यात आहे.

"वाट फोचं देऊळ बघा. आडवा बुद्ध, 46 मीटर. तळपायांवर शिंपल्याचं काम, 108 चिन्हं. पाठीमागच्या बाजूला काशाची 108 भांडी ओळीनं. वीस बाट दिले की नाण्यांची वाटी मिळते, एकेक नाणं टाकत जायचं. मोजायचं नाही! एक माणूस तिथेच उभा राहून नाणी मोजायला लागला, मागे ही रांग."

मी काकांच्या बोटांकडे पाहिलं. चाळीस वर्षं नोटा मोजून अंगठा किंचित बाहेर वळलेला आहे. काही बोललो नाही.

"आणि सगळ्यात महत्त्वाचं." काकांनी वही मिटली; हे त्यांना पाठ होतं. "राजवाड्याजवळ एक सभ्य गृहस्थ भेटेल. इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणं. म्हणेल, आज राजवाडा बंद, पूजा आहे, त्यापेक्षा वीस बाटांत टुकटुकनं शहर फिरा. तो टुकटुक शेवटी खड्यांच्या दुकानात थांबतो, नाहीतर शिंप्याकडे. राजवाडा सहसा बंद नसतो! आपल्या पायांनी दारापर्यंत जायचं. गुडघे-खांदे झाकून."

"कोणी फसलं होतं का, काका?"

"एक माणूस सांगत होता," काका म्हणाले आणि चहा गार झाला असूनही फुंकर मारत बसले. त्यांच्या घरी टीव्हीखालच्या काचेच्या कपाटात निळ्या खड्याची एक अंगठी आहे. काकू ती कधीच घालत नाहीत.

आम्ही जाऊन आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला काका दारात.

"कोणी फसवलं नाही ना?"

"छे! पण आमच्या हॉटेलात एक गृहस्थ होते," मी म्हणालो. "त्यांनी चोवीस तासांत सूट शिवून घेतला. उजवी बाही जरा आखूड झाली."

काका जरा थांबले. "शिंप्याकडे कसे पोचले ते?"

"राजवाडा बंद आहे असं कोणीतरी सांगितलं त्यांना."

काकांनी वही उघडली, पेनाचं टोपण काढलं, परत लावलं.

"किती गेले त्यांचे?"

"सहा हजार बाट."

काका उठले. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "त्यांना म्हणावं, मनाला लावून घेऊ नका. एका माणसाचे नऊ गेले होते."