उंदरांचं आयुष्य, माणसांचं बिल

जून २०२३मध्ये उंदरांचे ग्रह पालटले. कोलंबिया विद्यापीठाच्या विजय यादव आणि सहकाऱ्यांचा निबंध ‘सायन्स’मध्ये आला: मध्यमवयीन उंदरांना रोज टॉरिन हे अमिनो आम्ल दिलं, तर ते १० ते १२ टक्के जास्त जगले. माणसांवर चाचण्या व्हायच्या होत्या. पण पावडरीच्या डब्यांना तेवढा धीर कुठला? साठी उलटलेल्या, कठडा धरून जिना चढणाऱ्या मंडळींना उंदीर इतका जवळचा यापूर्वी कधी वाटला नव्हता.

हिशेबही चोख. उंदराला किलोमागे १००० मिलिग्रॅम. माणसाच्या मापाने ते रोज ३ ते ६ ग्रॅम. रेड बुलच्या २५० मिलिलिटरच्या कॅनमध्ये टॉरिन असतं १ ग्रॅम. म्हणजे पुरता डोस हवा तर सहा कॅन रिचवायचे. वर ४८० मिलिग्रॅम कॅफीन आणि दीडशे ग्रॅमहून जास्त साखर, मोफत. आयुष्य वाढो न वाढो, झोप उडाल्यामुळे ते लांबल्यासारखं नक्की वाटेल.

कॅनवरच्या बैलांना घाबरून शाकाहाऱ्यांनी मागे सरायचं कारण नाही. टीडेमान आणि ग्मेलिन या जर्मन शास्त्रज्ञांनी १८२७मध्ये टॉरिन हा पदार्थ बैलाच्या पित्तातून काढला खरा, पण आता तो कारखान्यात बनतो. शिवाय माणसाचं शरीर तो स्वतःही बनवतं, आणि मासळीतून मिळतो तो वेगळा. शिंपल्यांत तर रेलचेल. तिसऱ्यांचं सुकं चापणाऱ्या मालवणी माणसाने कधी त्याचं लेबल मागितलं नाही.

खरी नड मांजराची. त्याला पुरेसं टॉरिन बनवता येत नाही. ते कमी पडलं की मांजराचं हृदय फुगून दुबळं होतं आणि दिलं की सावरतं, हे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेतल्या पॉल पिऑन यांनी १९८७मध्ये दाखवलं. कंपन्यांनी मांजरांच्या खाद्यात टॉरिन वाढवलं, विषय मिटला. मांजरांनी त्यावर एकही रील केलं नाही.

मग २०२५ उजाडलं. मे महिन्यात ‘नेचर’मध्ये रॉचेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी लिहिलं, की रक्ताच्या कर्करोगाच्या काही पेशी टॉरिनवर पोसतात. जूनमध्ये त्याच ‘सायन्स’ने अमेरिकेच्या वार्धक्य संस्थेचा निबंध छापला: २०२३च्या निबंधाने म्हटलं होतं तसं वय वाढलं म्हणून रक्तातलं टॉरिन घटतंच असं नाही, बऱ्याचदा ते तेवढंच राहतं किंवा वाढतं.

पावडरीच्या जाहिरातींत अजून २०२३चेच उंदीर धावताहेत. विक्रेत्यांची ‘सायन्स’ची वर्गणी बहुधा त्याच साली संपली.