शिरगावच्या तांबड्या धुळीस अनावृत पत्र

श्रीमती तांबडी धूळ यांस,
मुक्काम आमची ओम्नी, शिरगाव, डिचोली.

सा. न. वि. वि.

सप्टेंबर 2012 मध्ये गोवा सरकारने लोहखनिजाच्या खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. फेब्रुवारी 2018 मध्ये त्याच न्यायालयाने 88 लीझांचे नूतनीकरण रद्द केले. ट्रक दारात उभे राहिले, बार्जी किनाऱ्याला लागल्या, कर्ज काढून ट्रक घेणारे हवालदिल झाले. आपण मात्र मागच्या सीटखाली निवांत! इतके हुकूम निघूनही ताबा न सोडणारे कूळ डिचोली तालुक्यात दुसरे नसेल. हार्दिक अभिनंदन.

सरकत्या दाराची खालची पट्टी ही तर आपली खास बैठक. दार सुरळीत चालावे म्हणून तिथे ग्रीस भरायचे आणि आपण त्यात मिसळून तांबडी खळ करायची, असा करारच झालेला दिसतो. तिला पाण्याचा धाक नाही. आधी काडीने खरवडायचे, मग जुना टूथब्रश कोपऱ्यात घालायचा, शेवटी घासलेटचा बोळा फिरवायचा. एवढे करून दार मध्येच अडते ते अडतेच, आणि आतली मंडळी ड्रायव्हरच्या दाराने उतरतात.

आमच्या शेजारणीने सीटबेल्टसाठी ब्लीच सुचवले. भाबडी बाई! ब्लीच डाग घालवते ते ऑक्सिडीकरण करून. आपण तर मुळातच लोहाचे ऑक्साइड, आपले ते काय करणार? पट्ट्याचे धागे मात्र कमजोर होतील, म्हणजे पट्टा पांढरा आणि बसणारा वैकुंठात. म्हणून पट्टा पूर्ण बाहेर ओढून वर चिमटा लावतो, सौम्य साबणाच्या ओल्या फडक्याने पुसतो, सावलीत खडखडीत सुकवतो आणि मगच आत सोडतो. आपली फिकट गुलाबी सही त्यावर राहतेच. ती आता आम्ही मान्य केली आहे.

भावोजींच्या नव्या गाडीत मात्र आपण अन्याय केलात. छताच्या अस्तरावर आपला हलकासा हात फिरला, तो त्यांनी पाईप लावून धुतला. अस्तरामागे फोमचा पातळ थर होता, तो भिजून सुटला. आता मागे बसणाऱ्याच्या डोक्यावर कायमचे छत्र आहे. कोरड्या मऊ ब्रशने झटकले असते तर भागले असते, पण भावोजींना सांगणार कोण?

वैशाख शुद्ध पंचमीला देवी लईराईची जत्रा. बाहेरगावची भावंडे पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, मांडीवर मोगरीच्या कळ्या घेऊन आमच्या गाडीत बसतात. उतरताना त्यांच्या पाठीवर आपला ठसा असतो. ‘शिरगावहून आलात वाटतं,’ असे मग म्हापशातही ओळखतात. गावाची अशी फुकट जाहिरात पर्यटन खात्यालाही जमली नसती.

आता 2024 पासून डिचोलीत खाणकाम पुन्हा सुरू झाले आहे, म्हणजे आपले नातेवाईक येऊ लागले. त्यांना एवढाच निरोप द्यावा: येताना ट्रकवर ताडपत्री नीट बांधून घ्या आणि रस्ता आधी पाण्याने भिजवायला सांगा. आमच्या गाडीत आता जागा नाही.

कळावे,
आपला नाइलाजाने घरमालक,
एक शिरगावकर