तुफान आणि कॅरीबॅग : बुजऱ्या घोड्याच्या नवशिक्या मालकांसाठी सोपी मार्गदर्शिका

नांदेड-लातूर भागात ज्यांनी हौसेने घोडं घेतलं आणि आता जे त्याच्याकडे सुरक्षित अंतरावरून बघत बसतात, त्यांच्यासाठी ही मार्गदर्शिका आहे. लेखकाचा अधिकार एवढाच, की तो आजवर अकरा वेळा पडला आहे. त्यातल्या दोन वेळा घोडं उभंच होतं.

धडा १ : खरेदी

घोडं घ्यायचं तर माळेगावात. नांदेडहून लातूरकडे येताना लोहा मागे पडलं की माळेगाव लागतं. मार्गशीर्षात, वद्य चतुर्दशीच्या सुमाराला खंडोबाची देवस्वारी निघते आणि यात्रा भरते. कार्यक्रमपत्रिकेत ‘अश्व, श्वान व कुक्कुट प्रदर्शन’ एका दमात छापलेलं असतं, त्यामुळे घोड्याच्या डोक्यात हवा जात नाही.

कानांची टोकं एकमेकांना टेकवणारे मारवाडी, काठियावाडी, पांढरेधोप नुकरे, सगळे ओळीने बांधलेले असतात. व्यापारी अंगावरचे भोवरे दाखवतो, कोणता शुभ आणि कोणता मालकाला खाणारा ते सांगतो. नवशिक्याने अशा वेळी घोड्याचा ओठ वर करून दात पाहावेत, ‘हं’ म्हणावं आणि ओठ सोडून द्यावा. आपल्याला काही कळलेलं नसतं, पण ते व्यापाऱ्याला कळता कामा नये.

आमच्या काकांनी तिथून चार वर्षांचं कुमाईत घोडं आणलं. नाव तुफान. ‘कशाला म्हणून भीत नाही,’ असं व्यापारी म्हणाला, आणि त्या घडीला ते खोटं नव्हतं. एका अंगाला हलगी, दुसऱ्या अंगाला पाळण्यांचे भोंगे, मधून पिपाण्या, आणि तुफान डोळे अर्धे मिटून, मागचा एक पाय सैल सोडून उभं. अहमदपूरजवळच्या आमच्या शेतात आल्यावर तिसऱ्या दिवशी बाभळीला अडकलेली एक कॅरीबॅग वाऱ्याने फडफडली. तुफानने दावं तोडलं आणि ते संध्याकाळी दुसऱ्याच्या तुरीत सापडलं.

याचं कारण समजून घ्या. घोडं कळपातलं जनावर आहे. आजूबाजूला शंभर घोडी असली की पहारा वाटून घेतला जातो. एकटं आणून बांधलं की चोवीस तासांची गस्त त्याच्याच गळ्यात पडते, आणि नव्या चौकीदाराला प्रत्येक सावली चोर दिसते. उपाय म्हणजे सोबत द्या. दुसरं घोडं परवडत नसेल तर शेळीही चालते. ही युक्ती आमच्या आजीची. आम्ही शेळी बांधली. पहिले आठ दिवस दोघं मिळून बुजत होती.

धडा २ : परवानग्या

घोड्यावरून कचेरीला जायचा बेत असेल तर आधी कागदपत्रं पाहा. मार्च २०२१ मध्ये नांदेडच्या जिल्हाधिकारी कार्यालयातल्या एका कर्मचाऱ्याने अर्ज दिला होता. मणक्याच्या त्रासामुळे दुचाकीवर बसवत नाही, म्हणून घोडं घ्यायचं आहे, तरी ते आवारात बांधण्यास परवानगी मिळावी. अर्ज देशभर गाजला. प्रशासनाने रीतीप्रमाणे वैद्यकीय अभिप्राय मागवला. घोड्यावर बसून पाठदुखी थांबण्याऐवजी वाढण्याचाच संभव जास्त, असं डॉक्टरांचं मत पडलं. घोड्याचा अभिप्राय कोणी मागवला नाही.

धडा ३ : घोडं वाचणे

घोड्यावर बसण्याआधी घोडं वाचायला शिका. मुळाक्षरं कानांत असतात. दोन्ही कान पुढे रोखलेले म्हणजे काहीतरी दिसलंय. एक पुढे, एक मागे म्हणजे ऐकतंय, बोला. दोन्ही मागे चापून बसवलेले म्हणजे तुमचं बोलणं संपलेलं आहे, निघा.

डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्याने त्याला जवळजवळ चौफेर दिसतं. फक्त कपाळाच्या अगदी पुढचं आणि शेपटीच्या मागचं दिसत नाही. घोड्याच्या मागे आणि साहेबाच्या पुढे उभं राहू नये, या म्हणीचा पहिला अर्धा भाग शास्त्रशुद्ध आहे. निळा आणि पिवळा हे रंग त्याला ओळखता येतात, लाल येत नाही. म्हणजे माळेगावचा भंडारा त्याला पिवळाच दिसतो, पण निवडणुकीच्या गुलालाचं त्याला काही कौतुक नाही. माणसाच्या कानाला जे बारीक आवाज लागतच नाहीत, तेही त्याला ऐकू येतात. तेव्हा ‘इथं तर काहीच नाही’ असं त्याला ठणकावून सांगताना जरा जपून. तुमच्यापुरतं काही नसेल.

हा धडा आम्हाला शेजारच्या गावच्या मामूंनी दिला. चाळीस वर्षं त्यांनी वरातीची घोडी सांभाळली. तुफान कॅरीबॅगकडे बघून फुरफुरत होतं, काका त्याला ‘भित्रं, भित्रं’ म्हणून शिव्या देत होते. मामू बांधावर बसून बिडी ओढत म्हणाले, “वो डरता नै बाबा. पूछता है.”

आजी पत्र्याखाली शेंगा फोडत होती. ती म्हणाली, “मग सांगा की त्याला. विचारायलंय तर.”

धडा ४ : बसणे

घोड्यावर डाव्या बाजूने चढतात. तलवार डाव्या कमरेला असायची, तेव्हापासूनची ही रीत आहे. आपल्या कमरेला मोबाइल असला तरी रीत पाळावी. चढण्याआधी तंग पुन्हा एकदा ओढून पाहा. खोगीर चढवताना घोडं पोट फुगवून ठेवतं आणि नंतर सोडतं. मग खोगीर फिरतं आणि तुम्ही घोड्याच्या पोटाखालून जगाकडे पाहता. उभ्या घोड्यावरून पडल्याचा वर जो उल्लेख आला, तो असा.

घोडं बुजलं की नवशिक्या तीन गोष्टी एकदम करतो. दोन्ही हातांनी लगाम खेचतो, टाचा पोटात रुतवतो आणि ओरडतो. लगाम सांगतो थांब, टाचा सांगतात पळ, आणि ओरडणं सांगतं की खरंच वाघ आलाय. अशा तीन आज्ञा एका वेळी मिळाल्यावर घोडं स्वतःच्या बुद्धीने चालतं. त्याला दोष देऊ नये.

बरोबर रीत अशी. श्वास सोडा. टाचा खाली, पण पोटापासून सुट्या. दोन्ही लगाम न ओढता एकाच बाजूचा हळूहळू आवळा म्हणजे मान वळते. मान वळलेलं घोडं सरळ उधळू शकत नाही, गोल फिरतं आणि थांबतं. थांबलं की त्याच क्षणी लगाम सैल सोडा. घोडं ओढण्यातून शिकत नाही, सोडण्यातून शिकतं. या वाक्याखाली पेन्सिलने रेघ मारा.

धडा ५ : परिसर

परदेशी पुस्तकांत ‘शांत, बंदिस्त मैदान निवडा’ असं लिहिलेलं असतं. आपल्याकडे पुढील साहित्य विनामूल्य उपलब्ध आहे.

दोन ट्रॉल्यांचा उसाचा ट्रॅक्टर. तो दिसण्याआधी त्याची गाणी येतात.

भंगारवाल्याचा भोंगा. एकच वाक्य, दिवसभर, गावभर.

वाढदिवसाचा फ्लेक्स. भावी नगरसेवक हात जोडून उभा असतो, वारा आला की अंगावर येतो. तुफान पहिल्यांदा त्याला बुजलं तेव्हा गावात बरीच चर्चा झाली. आम्ही राजकीय अर्थ नाकारला.

सल्लागार. हे फुकट असतात आणि संपत नाहीत. एक म्हणतो चाबूक हाणा, दुसरा म्हणतो लिंबू उतरवा, तिसरा मोबाइलवर व्हिडिओ काढत म्हणतो, “काका, पुन्हा एकदा उधळवा की, नीट आलं नाही.”

यांतल्या कशालाच हटवता येत नाही. म्हणून पुढचा धडा.

धडा ६ : लातूर पॅटर्न

पान का कुजलं, भाकरी का करपली, घोडा का अडला? लहानपणी या तिन्ही प्रश्नांचं उत्तर आपण एकाच दमात दिलेलं असतं : न फिरवल्यामुळे. अभ्यासक्रम तिथेच संपला होता, आपण पुढचं उगाच शिकलो.

मामूंनी तुफानला आधी पाठीवर माणूस न घेता लांब दोरीवर गोल फिरवलं. याला कावा देणं म्हणतात. गनिमी काव्यातला कावा घोड्याच्या याच फिरण्यातून आला. दहा वळसे डावीकडून, दहा उजवीकडून. मग कॅरीबॅग आणली. पहिल्या दिवशी ती पन्नास पावलांवर, काठीला बांधलेली. तुफानने कान रोखले, मान ताणली, फुरफुरलं. मामू थांबले. कान सैल झाले, तोंड चावल्यासारखं हललं, तेव्हा मामूंनी कॅरीबॅगच मागे नेली. पुढे नेली नाही, हे नवशिक्याने लक्षात ठेवावं. दुसऱ्या दिवशी पंचेचाळीस पावलं. कधी पंचेचाळीसवरून पुन्हा साठवर. उजव्या डोळ्याला दाखवलेलं डाव्यालाही नव्याने दाखवायचं. एकविसाव्या दिवशी कॅरीबॅग खांद्यावरून फिरली आणि घोडं चंदी खात राहिलं.

लातूर पॅटर्नवर वाढलेल्या आमच्यासारख्यांना हे ओळखीचं वाटलं : सराव, पुन्हा सराव, चूक तपासा, पुन्हा सराव. काकांनी उत्साहाने वेळापत्रकच केलं. सोमवारी कॅरीबॅग, मंगळवारी भोंगा, बुधवारी ट्रॅक्टर, रविवारी सगळ्यांची एकत्र चाचणी. मामूंनी तो कागद वाचला आणि घडी करून काकांच्या खिशात परत ठेवला. सराव तोच, पण पुढच्या धड्याला कधी जायचं ते इथे घोडं ठरवतं, आणि तारीख आधी जाहीर होत नसते. सगळं एकदम अंगावर घातलं तर घोडं कधीकधी गप्प उभं राहतं. लोकांना वाटतं, शिकलं. त्याने फक्त विचारणं सोडलेलं असतं, आणि असं घोडं एक दिवस काही न विचारता उधळतं.

धडा ७ : वरात

इथे नवशिक्याने थांबावं. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे राहत्या वस्तीत दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे आणि रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद. डीजेवाल्याला हे आकडे सांगून पाहा. त्याला ऐकू जाणार नाही.

आवाजातही शांत चालणारी घोडी पाहायची असतील तर नांदेडला जा. होळीला आणि दसऱ्याला तख्त सचखंड श्री हजूर साहिबहून हल्लाबोलाची मिरवणूक निघते. नगारे, निशाणसाहेब, उघड्या तलवारी, जयघोष, आणि त्या सगळ्यात गुरुमहाराजांचे सजवलेले घोडे. कॅरीबॅग तिथेही उडत असेल. पण नगारा तोच, रस्ता तोच, लगाम धरणारे हात ओळखीचे. गोंगाट कितीही असो, त्याला क्रम असतो. वरातीत घोड्याला भाड्याने आणतात, अनोळखी नवरदेव वर बसवतात, पायाखाली लवंगी लावतात आणि मग म्हणतात, नाचतंय बघा कसं. ते नाचत नसतं. कान पाहा, धडा तिसरा.

शंका-समाधान

घोड्याला पाणी किती लागतं? दिवसाला साधारण २५ ते ४५ लिटर, उन्हाळ्यात जास्त. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं होतं, हे ठाऊक असलेल्यांनी घोड्याआधी विहिरीचा विचार करावा.

घोडं आजारी आहे हे कसं ओळखावं? त्याला उलटी होत नाही, म्हणून पोटात गेलेलं बिघडलं तर जिवावर बेततं. पोटाकडे वळून बघतं, लोळतं, घाम सुटतो. असं दिसलं तर सल्लागारांना न विचारता जनावरांच्या डॉक्टरांना बोलवा.

घोडं कधीच बुजणार नाही असं करता येतं का? हा प्रश्न आम्ही मामूंना विचारला. त्यांनी आजीकडे बोट दाखवलं.

शेवटचा धडा

आजीचं माहेर किल्लारीच्या बाजूचं. १९९३ साली ती गणपतीला माहेरी होती. विसर्जन करून माणसं झोपली आणि ३० सप्टेंबरच्या पहाटे चारच्या आत-बाहेर जमीन हलली. आजी माळवदाखालून निघाली. घरातले सगळे निघाले नाहीत.

त्यानंतर ती छताखाली झोपेना. ‘आता काही होत नाही,’ असं सगळे सांगत. सांगणाऱ्यांना तरी कुठे ठाऊक होतं? पहिली दोन वर्षं तिने अंगणात काढली, पावसात बैलगाडीखाली. मग पत्र्याच्या पडवीत, पाय बाहेर ठेवून. मग आत, पण दार सताड उघडं. मध्येच एखादा धक्का बसला की पुन्हा अंगण. कोणी तिला ओढून आत नेलं नाही, एवढं मात्र आजोबांनी केलं. ते आपली वाकळ तिच्यापासून चार पावलांवर टाकत. दार लावून झोपायला तिला नऊ वर्षं लागली. मामूंनी कॅरीबॅग पन्नास पावलांवर रोवली, तेव्हा पत्र्याखालून एकटी आजीच मान डोलावत होती.

आता उन्हाळ्यात ती पुन्हा पडवीत झोपते, हौसेने. पलीकडे तुफान आणि शेळी. परवा मध्यरात्री हायवेवरून भरलेला डंपर गेला आणि पत्रा थरथरला. मी जागाच होतो. तुफानची मान एकदम वर, दोन्ही कान रस्त्याकडे. आजी वाकळेवर उठून बसलेली, तिचंही तोंड रस्त्याकडे. पत्रा थांबेपर्यंत दोघं तशीच होती.

“डंपर हाय,” आजी म्हणाली. “डंपर.”

तुफानने नाकातून फुर्र केलं आणि मागचा एक पाय सैल सोडला. आजीने उशी नीट केली आणि कूस बदलली.