नायकाला माफ कलमे

२०१३ साली तत्कालीन भारतीय दंडविधानात कलम ३५४-ड आले: बाईने स्पष्ट नकार देऊनही पाठलाग चालूच ठेवला, तर पहिल्याच गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद. त्याच वर्षी ‘रांझणा’ हा हिंदी चित्रपट आला. त्यातला नायक कुंदन झोयाच्या मागे मागे फिरतो, थपडांवर थपडा खातो आणि तिच्यासमोर मनगटही कापून घेतो. प्रेक्षकांनी याला चिकाटी म्हणायचे.

मराठी नायक त्या मानाने सभ्य.

‘मुंबई-पुणे-मुंबई’त (२०१०) तो नायिकेला दिवसभर पुणे दाखवतो, बोलतो, चक्क ऐकूनही घेतो. फक्त ती ज्या मुलाला नकार द्यायला आली, तो आपणच, एवढी किरकोळ बाब तेवढी शेवटपर्यंत राखून ठेवतो. पुढे आणखी दोन भाग निघाले. स्थळाचा फोटो आधी नीट पाहावा, हा धडा वधूपक्षाला फुकट.