शील्डशास्त्री

सिंगापूरच्या मराठी समाजातील व्यक्तिप्रकारांची गणना करावयाची झाल्यास शील्डशास्त्र्यास अग्रस्थान द्यावे लागते. कारण मुलांची शाळा, घरभाडे आणि पुण्यातील फ्लॅट या तिन्ही विषयांवरून संभाषण विनासायास आरोग्यविम्यावर आणणारा असा दुसरा प्रकार आढळत नाही.

त्याच्या शास्त्राचा पाया सरकारनेच घातलेला आहे. १ नोव्हेंबर २०१५ पासून लागू असलेली मेडिशील्ड लाइफ ही योजना प्रत्येक नागरिकास व पीआरला, म्हणजे कायम रहिवाशास, जुन्या आजारांसह आजन्म संरक्षण देते आणि तिचा हप्ता मेडिसेव्ह या सक्तीच्या आरोग्यबचत खात्यातून भरता येतो. मात्र तिची आखणी सरकारी रुग्णालयांतील सी व बी२ या अनुदानित वॉर्डांचा खर्च गृहीत धरून झालेली असल्यामुळे, ए वॉर्डातील स्वतंत्र खोली किंवा खासगी रुग्णालय हवे असणाऱ्यांसाठी विमा कंपन्या तिला आपापली जोड देतात आणि त्या जोडयोजनेस इंटिग्रेटेड शील्ड प्लॅन म्हणतात. त्यावर पुन्हा रायडर, म्हणजे रुग्णाच्या वाट्याचा खर्च कमी करणारी आणि रोख पैशांनीच घ्यावी लागणारी पुरवणी. इतकी सामग्री उपलब्ध असताना शास्त्री निर्माण झाला नसता, तरच नवल होते.

शास्त्र्याच्या एक्सेलमध्ये पंच्याऐंशीव्या वर्षीचे हप्तेही कंपनीवार नोंदलेले असतात. स्वतःच्या रक्तातील साखर किती, हे मात्र त्याला ठाऊक नसते आणि हे अज्ञान त्याने विचारपूर्वक जोपासलेले असते. कंपनी बदलू पाहणाऱ्याच्या प्रकृतीची नवी कंपनी नव्याने छाननी करते आणि आधीपासूनचा आजार संरक्षणातून वगळू शकते. म्हणून प्लॅन बदलेपर्यंत रक्ततपासणी नको आणि तुलना पूर्ण होईपर्यंत बदल नको, असा त्याचा दुहेरी सिद्धांत आहे. परिणामी, आजारपणाच्या खर्चाची सर्वाधिक तयारी केलेला हा गृहस्थ डॉक्टरांना सर्वात कमी भेटतो.

गणेशोत्सवात प्रसादाच्या रांगेतील नवागतास तो गाव विचारण्यापूर्वी रायडर विचारतो. जवळजवळ संपूर्ण बिल फेडणारे रायडर एके काळी मिळत, त्यांविषयी तो पेशवाईच्या आठवणी सांगाव्यात अशा सुरात बोलतो; १ एप्रिल २०१९ पासून नव्या रायडरमध्ये रुग्णाने किमान पाच टक्के बिल स्वतः भरावे असा नियम आला, तो त्याच्या लेखी पानिपतच होय. श्रोत्याने त्याच्या सल्ल्यावरून प्लॅन बदलला, तर त्याला धन्यता वाटते. स्वतः मात्र तो पहिल्याच प्लॅनवर आहे आणि तो प्लॅनही पत्नीने एका दुपारी एजंटासमोर सही करून घेतलेला आहे, ही गोष्ट तो चर्चेत येऊ देत नाही.

अशा माणसाची तुलना कधीतरी संपेल, ही कुटुंबीयांची आशा सरकारने टिकू दिलेली नाही. डिडक्टिबल, म्हणजे बिलातील रुग्णाने आधी भरावयाची ठरावीक रक्कम. तिच्या किमान मर्यादेचा भार १ एप्रिल २०२६ पासून विकल्या जाणाऱ्या नव्या रायडरना उचलता येणार नाही आणि रुग्णाच्या सहभागाची वार्षिक कमाल मर्यादाही किमान ३००० डॉलरवरून ६००० डॉलरवर जाणार, असे नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले. हप्ते भरणारे हिशेबात पडले. शास्त्र्याने मात्र, जुने सारे कोष्टक रद्द झाले, असे पत्नीला प्रसन्न मुद्रेने सांगून नवी फाइल उघडली.