आधी तार बोला

गेटला कॅमेरा बसवायचाय, एवढंच मी कुंपणापाशी उभा राहून फोनवर म्हणालो. फोनवरचा माणूस काही बोलायच्या आत पलीकडच्या जास्वंदीतून आवाज आला, "तार कुठली?"

हे आमचे तारकाका. पुण्याचा चांदणी चौक सोडून पौडच्या रस्त्याला लागलं की भूगावनंतर भुकूम येतं. पूर्वी इथे नुसती भातखाचरं होती. आता निम्मी खाचरं आणि निम्मे बंगले आहेत, आणि दर बंगल्याच्या गेटवर 'आपण कॅमेऱ्याच्या निगराणीत आहात' अशी पाटी. पाटीच्या वर कॅमेरा असेलच असं नाही. तो असला, तर त्याच्या तारेबद्दल काकांचं मत असतंच, आणि ते चांगलं नसतं.

काका टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले. 2000 साली खात्याचं निगम झालं, ही गोष्ट त्यांच्या लेखी अजून तात्पुरती आहे. कॅमेरा किती मेगापिक्सेलचा, कुठल्या कंपनीचा, हे ते विचारत नाहीत. "कॅमेरा काय हो, कुणीही विकतं. आधी तार बोला."

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता ते टेप घेऊन हजर. माझी जागा म्हणजे लांबुडका पट्टा आहे. मी आपला अंदाज सांगितला, दीडशे मीटर असेल. काकांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "नजर जाते तिथून नाही मोजायचं. तार जाते तिथून मोजायचं." आंब्याला वळसा, विहिरीला वळसा, शौचालयाच्या टाकीला मोठा वळसा. भरले 180 मीटर. हा आकडा ऐकून त्यांचा चेहरा जो फुलला, तो मी त्यांच्या नातीच्या बारशालाही पाहिला नव्हता. शंभराच्या आतलं काम त्यांना पोरखेळ वाटतं.

पिरंगुटहून आलेल्या फिटर पोराने खांद्यावर थ्री प्लस वन केबलची दोन बंडलं आणली होती. नव्वद-नव्वद मीटरची. "काका, समदे हेच टाकत्यात." काकांनी खिशातून ब्लेड काढलं. हे ब्लेड कायम त्यांच्या खिशात असतं. तपकीर गल्लीतले विजेच्या सामानाचे दुकानदार त्यांना लांबून ओळखतात ते त्यामुळेच. तारेचं टोक सोललं, खरवडलं. वरून लालभडक, आतून पांढरं. "अॅल्युमिनियम! वरून तांब्याचा मुलामा! रंगावर जाऊ नये माणसाने, खरवडून बघावं." (लग्नाच्या स्थळांबाबतही त्यांचं हेच म्हणणं आहे. म्हणून त्यांना हल्ली कुणी बैठकीला नेत नाही.)

मग वाळूत काडीने गणित. "समज, अस्सल तांबं घेतलं. अर्धा चौरस मिलिमीटर जाडी. जाऊन-येऊन 360 मीटर, साधारण 12 ओहम. रात्री इन्फ्रारेडचे दिवे लागले की कॅमेरा ओढणार अर्धा अँपिअर. म्हणजे घरातून 12 व्होल्ट निघाले आणि गेटला पोचले 6. कालव्याच्या टेलच्या शेतकऱ्याला विचार, मधे पाणी कुठं जातं ते!" पोराने मान खाजवली. पण वरच्या आळीतल्या एका कॅमेऱ्याचं कोडं मला त्या क्षणी सुटलं. तो दिवसभर झकास चालतो आणि अंधार पडला की डोळे मिटतो. दिवसा दिवे बंद, ओढ कमी, म्हणून तग धरतो. चोर दिवसा येणार असतील तर तो कॅमेरा उत्तम आहे.

मी इंटरनेटची कॅट सिक्स तार सुचवली. आपणही काही वाचलंय, हे दाखवायची खाज. "शंभर मीटर. पुढे तिची हमी नाही. मधे डबी बसवावी लागेल, आणि डबीत पहिल्या पावसात मुंग्या राहायला येतात." मग उरली काच. ऑप्टिकल फायबर. काचेतून प्रकाश जातो, वीज जात नाही. गेटवर दिव्याची 230 व्होल्टची केबल होतीच, कॅमेऱ्याचा अडॅप्टर तिथेच लावायचा. वळवाच्या विजेने घरातला टीव्ही आणि रेकॉर्डर एकदम जळण्याचा प्रसंग ज्याने पाहिलाय, त्याला काचेचं हे वैराग्य पटतं. "आणि शब्द कुणी काढला? फायबर ऑप्टिक्स? नरिंदरसिंग कापनी, पंजाबातला मोग्याचा माणूस. नोबेल कुणाला? 2009 साली चार्ल्स काओला!" काओंनी 1966 मध्ये दाखवून दिलं होतं की प्रकाश वाटेत विरतो तो दोष काचेतल्या अशुद्धीचा आहे, आणि तेही काम थोर होतं, असं मी एकदा बोलून गेलो. काका चार दिवस चहाला आले नाहीत.

पण खरा घोळ पुढेच होता. स्टीलच्या चिलखतातलं फायबर घ्यावं, तर घुशीचे दात हरतात पण विजेला पुन्हा रस्ता मिळतो. बिनचिलखताचं घ्यावं, तर वीज हरते आणि घूस जिंकते. आठवडाभर काका या प्रश्नाने झोपले नाहीत. मुलाच्या नोकरीच्या वेळीही ते इतके खचले नव्हते, असं काकू म्हणाल्या. शेवटी बिनचिलखताचं फायबर काळ्या जाड पाइपातून टाकायचं ठरलं, दोन फूट खोल. मुरुमात चर खणताना मजुरांपेक्षा काकांनाच घाम. पोराने केबल काटकोनात मुडपली तेव्हा ते किंचाळले, "अरे, ताम्हिणी घाटासारखं वळव! ताम्हिणीसारखं!" आणि दोन्ही टोकांना लागणाऱ्या इंटरनेटच्या छोट्या तारांना पिना लावताना पुटपुटत होते: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. काकू सांगतात, अथर्वशीर्ष म्हणताना ते मधेच अडतात. इथे नाही.

कॅमेरा लागून आठ महिने झाले. चित्र स्वच्छ, रात्रीसुद्धा. चोर काही आलेला नाही. जुलैत, धो धो पावसात, पहाटे तीनच्या सुमाराला मात्र एक संशयित इसम दिसतो: डोक्यावर माकडटोपी, एका हातात छत्री, दुसऱ्यात टॉर्च. तो गेटातून आत येतो, चराच्या कडेने वाकून वाकून चालतो, एका ठिकाणी उकिडवा बसतो, घुशीने माती उकरलीय का ते बोटाने चाचपतो, समाधानाने मान हलवतो आणि निघून जातो.

हार्डडिस्क भरली की जुनं चित्रण आपोआप पुसलं जातं. माझ्याकडे जेमतेम महिनाभराचं उरतं. ही तीन मिनिटं तेवढी मी पेनड्राइव्हवर काढून ठेवली आहेत. काकांना अजून सांगितलेलं नाही.