फटफटीचा जीर्णोद्धार

कोलंबस, ओहायो

ती. आबा व ती. आईंस सा. न. वि. वि.

यामाहा डीटी-१ ही २४६ घनसेंटिमीटरची, एका सिलिंडरची, हवेने थंड होणारी टू-स्ट्रोक मोटारसायकल १९६८ चे मॉडेल म्हणून अमेरिकेच्या बाजारात आली. माती, ओढे, चढ यांवर हुंदडायचे आणि त्याच गाडीने रस्त्यावरून घरी यायचे, असे दुहेरी काम तिच्याकडून अपेक्षित होते. त्याआधी इथल्या हौशी मंडळींपुढे दोनच वाटा होत्या. रस्त्यावरची जड फोर-स्ट्रोक गाडी घेऊन तिचे मडगार्ड-दिवे उतरवायचे आणि तिला रानात घालायचे, नाहीतर हुस्क्वार्ना, बुल्टाको अशी हलकी युरोपीय गाडी आणून तिची किंमत आणि लहर दोन्ही सांभाळायची. डीटी-१ साडेसातशे डॉलरच्या आत मिळे आणि किक मारली की सुरू होई. १९७१ मध्ये ब्रूस ब्राउन यांचा 'ऑन एनी संडे' हा माहितीपट आला, त्यात स्टीव्ह मॅक्वीन मातीत गाडी उडवताना दिसला, आणि उरल्यासुरल्या पोरांनीही आईवडिलांचे ऐकणे सोडले. त्या काळातल्या गाड्या अजून शेतघरांच्या कोठारांत गवताच्या गठ्ठ्यांमागे सापडतात. अशी एक सध्या चिरंजिवांच्या गॅरेजमध्ये आहे. मोटार बाहेर बर्फात उभी असते.

अशी गाडी घेताना रंगाकडे पाहू नये. किक दाबून पाहावी. खाली गेली तर इंजिन मोकळे आहे. तिच्यावर उभे राहूनही गेली नाही, तर पिस्टन सिलिंडरला धरून बसला आहे आणि किंमत निम्मी करून मागायला हरकत नाही. त्या वेळच्या यामाहांवर चेसीचा आणि इंजिनाचा क्रमांक एकच ठोकलेला असे, तो जुळतो का हेही पाहावे. मालकीच्या कागदाबद्दल विचारल्यावर विकणारा 'घरात कुठेतरी आहे' असे म्हणाला, तर कागद नाही असे धरून चालावे. हा नियम कराडपासून ओहायोपर्यंत सारखाच लागू आहे. सूनबाईंना सांगितलेली किंमत आणि प्रत्यक्ष दिलेली किंमत यांत फरक असण्याची या छंदात जुनी परंपरा आहे. दोन्ही आकडे या पत्रात देण्याचे प्रयोजन नाही.

टू-स्ट्रोक इंजिनात फोर-स्ट्रोकसारखे व्हॉल्व्ह नसतात. सिलिंडरच्या भिंतीत खिडक्या असतात, आणि पिस्टन वर-खाली होता होता त्या उघडतो, मिटतो. पिस्टनखालची बंद पेटी, म्हणजे क्रँककेस, पंपाचे काम करते. पिस्टन वर गेला की पेट्रोल-हवेचे मिश्रण तिच्यात ओढले जाते; खाली आला की तेच दाबले जाऊन बाजूच्या वाटांनी सिलिंडरमध्ये चढते. ही रचना इंग्लंडमध्ये जोसेफ डे यांच्या कारखान्यात १८९० च्या आसपास आकाराला आली. भाग थोडे असल्यामुळे हे इंजिन सोपे समजले जाते. प्रत्यक्षात थोड्या भागांवर सगळी कामे पडलेली असतात आणि त्यांतला एकही आजारी पडून चालत नाही.

धुराड्याची नळीसुद्धा इथे कामाला जुंपलेली आहे. मध्ये फुगलेली आणि शेवटी निमुळती अशी तिची घडण असते. बाहेर पडणाऱ्या वायूची दाबलाट निमुळत्या टोकावर आपटून मागे येते आणि निसटू पाहणारे ताजे मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. या नळीचे गणित पूर्व जर्मनीतल्या एमझेड कारखान्यात वॉल्टर काडेन यांनी पक्के केले. त्यांचा स्वार अर्न्स्ट डेग्नर १९६१ मध्ये स्वीडनमधल्या शर्यतीनंतर पश्चिमेकडे पळाला, ही विद्या सुझुकीकडे पोचली आणि पुढच्याच वर्षी डेग्नरने सुझुकीला ५० सीसी गटातले जगज्जेतेपद मिळवून दिले. फटफटीची नळी डोक्यात घेऊन देश सोडणारा बहुधा तो एकटाच. बाकीचे सॉफ्टवेअरसाठी सोडतात.

कामाची सुरुवात गाडी खोलण्यापासून होते. जपानी गाड्यांच्या इंजिनावरचे स्टार स्क्रू दिसायला नेहमीसारखेच असतात, पण त्यांची खाच जपानी मापाची असते. अमेरिकेत मिळणारा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर तिच्यात पुरता बसत नाही. जोर लावला की घसरतो आणि डोके गोल करून ठेवतो. जपानी मापाचे टोक आणि हातोडीने ठोकत फिरवायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर एवढे दोन जिन्नस आधी आणावेत. निघालेला प्रत्येक नट-बोल्ट वेगळ्या डब्यात ठेवून वर चिठ्ठी लावावी. परदेशस्थ मराठी घरात दह्याच्या रिकाम्या डब्यांचा साठा असतोच. अडचण एवढीच की फ्रिजमधला 'कढी' लिहिलेला डबा आणि गॅरेजमधला 'क्लच' लिहिलेला डबा एकाच आकाराचे, एकाच रंगाच्या झाकणाचे असतात.

टाकी आतून गंजलेली असते. तीत साधे पांढरे व्हिनेगर काठोकाठ भरून दोन-तीन दिवस ठेवतात. देव घासायला आईंची चिंच ज्या गुणाने चालते, तोच गुण इथे कामी येतो: आम्ल धातूवरचा ऑक्साइड विरघळवते. नंतर खायच्या सोड्याच्या पाण्याने आम्ल मारावे, टाकी लगेच कोरडी करून आत तेलाचा हात फिरवावा; उघडे पडलेले लोखंड तासाभरात पुन्हा तांबूस होऊ लागते. या काळात घराला लोणच्याचा वास येतो आणि पाहुण्यांच्या अपेक्षा उगीच वाढतात.

सर्वांत नाजूक भाग क्रँककेसचा. तिच्यात नवी बेअरिंगे ठोकून बसवणे हा अडाणीपणा होय. ॲल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. ५२ मिलिमीटरच्या भोकाचे तापमान ८० अंशांनी वाढवले, तर ते मिलिमीटरच्या सुमारे दहाव्या हिश्श्याने मोठे होते, आणि एवढे पुरते. म्हणून धुऊन स्वच्छ केलेली क्रँककेस ओव्हनमध्ये शंभर अंशांच्या आसपास तापवतात, बेअरिंगे रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवतात, आणि मग ती बोटाने सोडली तरी 'टक्' करून जागेवर बसतात. क्रँककेस कितीही धुतली तरी तापल्यावर तिला पन्नास वर्षांपूर्वीच्या तेलाचा वास सुटतो, आणि तो पुढे नानकटाईलाही लागतो. फ्रीझरमध्ये बेअरिंग खवलेल्या नारळाच्या पाकिटाशेजारी ठेवल्यास वर ठळक अक्षरांत नाव लिहावे. सूनबाईंचे या दोन्ही बाबतींतले मत त्यांनी आईंना फोनवर सविस्तर कळवले असल्याने इथे त्याची पुनरुक्ती नाही.

क्रँकच्या दोन्ही टोकांना रबरी ऑइल सील असतात. पंपाला गळती चालत नाही. मॅग्नेटोच्या बाजूचे सील कडक होऊन फाटले, तर तिथून नुसती हवा आत येते, मिश्रणात पेट्रोल कमी पडते, इंजिन भलतेच तापते आणि एखाद्या चढावर पिस्टन पकडतो किंवा त्याच्या माथ्याला भोक पडते. गिअरच्या बाजूचे गेले, तर गिअर ऑइल आत ओढले जाऊन पांढऱ्या धुराचे लोट निघतात. नवे सील बसवल्यावर दाब तपासणे म्हणूनच सक्तीचे आहे. कार्ब्युरेटरचे आणि धुराड्याचे तोंड रबराने बंद करून आत चौरस इंचाला सुमारे सहा पौंड दाबाची हवा भरतात. मिनिटाला एका पौंडापेक्षा जास्त उतार पडता कामा नये. सहा पौंड म्हणजे पाऱ्याचे साधारण तीनशे मिलिमीटर, आणि तबकडीचे रक्तदाब मोजायचे यंत्र बरोबर तिथपर्यंत जाते. आबांचे मागच्या उन्हाळ्यात 'हरवलेले' यंत्र गॅरेजमध्ये सुखरूप आहे. हवा निसटत असेल त्या जागी साबणाचे पाणी लावले की बुडबुडे येतात. या खेपेस ते सिलिंडरखालच्या पॅकिंगपाशी आले. यंत्राबरोबरच्या वहीत नातवाने आबांच्या १३०/८० च्या खाली '३००, सहा मिनिटांनी २९०, प्रकृती उत्तम' अशी नोंद केली आहे. ती डॉक्टरांना दाखवू नये.

सिलिंडर झिजला असेल तर बोअर करून घ्यावा. या गाडीचे मूळ माप ७० मिलिमीटर. मोठे पिस्टन पाव-पाव मिलिमीटरच्या पायरीने मिळतात. आधी पिस्टन हातात घ्यावा, मापावा, आणि मगच लेथवाल्याने सिलिंडर त्याच्या अंगाने कापावा. बोअर केल्यावर खिडक्यांच्या कडांना धार येते, ती घासून मोडावी लागते. पिस्टनच्या खाचेत बारीकशी खुंटी असते, रिंगेची टोके तिच्यावर नेमकी बसवावीत. ती खुंटी नसती तर रिंग फिरत फिरत टोक खिडकीत अडकवून मोडली असती.

बाकीचे काम वेळखाऊ आहे, अवघड नाही. पॉइंटची फट ०.३५ मिलिमीटरच्या आसपास, कार्ब्युरेटरचे जेट तारेने न टोकरता हवेने साफ. चाकांचा आऊट काढणे मात्र कराडच्या सायकलवाल्याला चहा पिता पिता जमते आणि संगणकशास्त्राच्या पदवीधराला जमत नाही, अशी नोंद सापडते. न मिळणाऱ्या भागांसाठी जुलैत लेक्सिंग्टनजवळच्या मिड-ओहायो ट्रॅकवर जुन्या मोटारसायकलींचा मेळा भरतो. तिथे एकरच्या एकर मैदानात ताडपत्र्यांवर गंजके लोखंड मांडलेले असते, आणि एरवी दुकानात छापील किमतीलाच वस्तू घेणारी अमेरिकन माणसे दोन डॉलरच्या लिव्हरसाठी अर्धा तास घासाघीस करतात.

तेलाचा प्रश्न शेवटी येतो. डीटी-१ ला यामाहाचा ऑटोल्युब पंप आहे. तो इंजिनाच्या वेगानुसार आणि ॲक्सिलरेटर किती पिळला आहे ते पाहून वेगळ्या टाकीतले तेल सोडतो. पंपावर विश्वास नसलेले लोक तो काढून टाकतात आणि पेट्रोलमध्येच तेल मिसळतात. मूळ रूपाचे अभिमानी याला भ्रष्टाचार मानतात. दोन्ही पक्षांचे लोक एका टेबलावर जेवायला बसवू नयेत. पंप ठेवायचा असेल तर नळीतली हवा आधी काढावी, कारण पहिल्या काही मिनिटांत तेल न पोचल्यास सगळी मेहनत पुन्हा दह्याच्या डब्यांत जाते.

इंजिन पहिल्यांदा सुरू होते तेव्हा निळा धूर निघतो आणि धुराड्यातले जुने तेल जळून संपेपर्यंत निघत राहतो. शेजाऱ्यांपैकी साठीच्या पुढचे कुंपणापाशी येऊन डोळे मिटून वास घेतात. चाळिशीच्या आतले वसाहतीच्या संस्थेला पत्र लिहितात. इंजिन थोडे चालवून पूर्ण थंड होऊ द्यावे, हेडचे नट पुन्हा आवळावेत, असे काही वेळा करावे. मग प्लग काढून पाहावा. चॉकलेटी असेल तर मिश्रण बरोबर, पांढराफटक असेल तर पेट्रोल कमी, काळा-ओला असेल तर जास्त. चिरंजिवांचा चॉकलेटी आहे.

मागच्या पडवीतली राजदूतही याच जातीची आहे. पोलंडच्या एसएचएल एम-११ या गाडीवरून एस्कॉर्ट्सने ती फरिदाबादला बनवली. तिचा प्लग काढून भोकातून चमचाभर टू-टी ऑइल सोडावे, आठवडाभर मुरू द्यावे, मग किक हाताने हळू दाबावी. दबली नाही तर शेजारच्या पोरांना तिच्यावर उड्या मारायला लावू नये. आणखी ऑइल घालून थांबावे. टाकीतले जुने पेट्रोल काढून टाकावे. हल्लीच्या पेट्रोलमधले इथेनॉल पाणी ओढून घेते आणि टाकी आतून सडवते. धुराड्याच्या तोंडात फडके कोंबावे, नाहीतर कुंभारीण माशी आत मातीचे घर बांधते. भंगारवाला आल्यास त्याला रद्दी द्यावी.

कळावे.